डावा पाय पुढे

राजाभाऊंची नोकरी गेली, व्हिसा रद्द झाला आणि देश सोडायला तीस दिवस मिळाले. २००९चा मे. शारजात मंदीने क्रेन जागच्या जागी थिजल्या होत्या. त्यांच्या बायकोच्या, विद्युल्लताच्या, हॉलमध्ये सामान बांधायचे खोके येऊन पडले होते.

अकराव्या दिवशी विद्युल्लताला एका शाळेतून फोन आला; तिने अर्ज टाकला होता. सहावीला एक धडा शिकवून दाखवायचा. जमलं तर नोकरी. शिक्षिकेला नवऱ्याचा व्हिसा काढता येत होता, म्हणजे मुक्कामही पक्का. विषय होता प्राचीन इजिप्तच्या घरातली बाई.

विद्युल्लताचं बी.एड. बारा वर्षं बॅगेत पडून होतं. तिने खोकेच कापले आणि माणसाएवढं जोडपं केलं. दोघं एकाच उंचीचे, शेजारी उभे, बायकोचा हात नवऱ्याच्या कमरेभोवती. प्राचीन इजिप्तच्या कितीतरी मूर्ती अशाच असतात.

शाळेच्या आवारात राजाभाऊंनी गाडीची डिकी उघडली. उन्हाने गोंद वितळला होता. बायको धडधाकट. नवऱ्याचं मुंडकं एकीकडे, पाय भलतीकडे.

"आता गं?"

"आता तुम्ही."

"मी काय?"

"नवरा!"

मुख्याध्यापिका हलिमा मॅडम मागच्या बाकावर वही उघडून बसल्या. राजाभाऊ फळ्यासमोर उभे राहिले. बारा वर्षांत चारचौघांत विद्युल्लताने त्यांचा हातही धरला नव्हता. तिने सरळ कमरेला विळखा घातला. वर्ग किंचाळला.

"मिस, इज ही रिअल?"

"स्टोन," राजाभाऊ म्हणाले.

पुरुषाच्या मूर्तीचा एक पाय पुढे असतो, असं तिने सांगताच त्यांनी उजवा टाकला.

"अहो, डावा!" ती कुजबुजली.

"शुभकार्याला डावा?"

"दगड बोलत नाही."

मग ती सुसाट सुटली. तिथल्या बाईची मालमत्ता लग्नानंतरही तिचीच राहायची. ती जमीन विकायची, न्यायालयात उभी राहायची. तिला घराची स्वामिनी म्हणत.

पहिल्या बाकावरच्या शर्वाणीने हात वर केला. "सो हू इज द बॉस, मिस?"

हा प्रश्न तयारीत नव्हता. दगडाने हळूच हात उचलला आणि तिच्याकडे बोट दाखवलं.

हलिमा मॅडमनी वहीत तोंड लपवलं. त्यांचे खांदे गदगदत होते.

नोकरी मिळाली. तेविसाव्या दिवशी, व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये, तिथल्या मुश्ताकने अर्ज भरायला घेतला. "स्पॉन्सर का नाम?" त्याने राजाभाऊंना विचारलं.

राजाभाऊंनी खुर्ची मागे सरकवली. "मॅडम से पूछो."

"और आप?"

"मैं इनका हूँ."

विद्युल्लताला इतकं हसू फुटलं की सही वाकडी झाली. समोरच्या व्हिसा ऑफिसच्या दारात राजाभाऊ थबकले.

"अगं, पाय कुठला?"

"यल्ला, चला हो!" म्हणत तिने भर रांगेत त्यांच्या कमरेला हात घातला आणि त्यांना आत ढकललं.