क्रोम असतं तर

आमच्या यांना कुणी नुसतं "काय चाललंय?" विचारलं तरी उत्तर रायफलीच्या नळीपर्यंत जातं. मी वाढवून सांगत नाही. परवा शेजारचे गोरोबा मोटर उघडायची म्हणून पाना मागायला आले, आणि फौजेतल्या रायफलीच्या नळीला आतून क्रोमचा थर का देतात ते सगळं ऐकून परत गेले. पाना इथंच राहिला.

हे म्हणजे बिभीषण हवालदार, आणि मी यांची बायको अयोध्या. फौजेतली सगळी नोकरी हत्यारं दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त होऊन नळदुर्गला आले तेव्हा मला वाटलं, आता शेतात लक्ष घालतील. सोयाबीन आहे, तूर आहे, दोन म्हशी आहेत. पण यांचा जीव नळीत. सकाळी हायवेवरच्या ढाब्यावर जायचं, चहा मागवायचा आणि हैदराबादकडं निघालेला एखादा ट्रक ड्रायव्हर धरायचा.

"गोळी सुटली की नळीत आग किती होते, ठावं हाय का तुला?"

त्या बिचाऱ्याला टायर बघायचा असतो. पण यांचं सुरू झालेलं असतं. नळाच्या तोटीवर चमकतं ना, तेच क्रोम. नळीच्या आत त्याचा पातळ थर चढवायचा. मग नळी आगीनं लवकर झिजत नाही, पावसात गंजत नाही, चिखलात पडली तरी फडका फिरवला की लख्ख. इतक्या वेळा ऐकलंय की भाकरी थापता थापता मीही घडाघडा म्हणून दाखवीन. एकदा वैतागून म्हटलंसुद्धा, "तुमच्यात बी आतून क्रोमच बसवलंय. म्या काय बोललं तरी आत कायबी चिकटत न्हाय!" तर हे खूश झाले. वाईट वाटायच्या ऐवजी खूश!

आमची मुलगी शिवकन्या नेमबाज आहे. शाळेत एनसीसीत बंदूक हातात आली ती सुटली नाही. पुढं सोलापूरच्या रेंजवर जाऊ लागली, सगळी कागदपत्रं झाली आणि स्पर्धेची स्वतःची रायफल घरात आली. यांनी ती हातात घेतली, नळीतून डोकावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"क्रोम न्हाय आत."

"नसतंयच, पप्पा," शिवकन्या म्हणाली. "त्यो थर सगळीकडं एकसारखा बसत न्हाय. कुठं केसभर जाड, कुठं पातळ. लढाईत चालतंय. मला पन्नास मीटरवर बारका ठिपका मारायचाय. आन् माझी शिशाची गोळी एवढीशी, तिला कुठली आलीय आग?"

"पर गंजंल ना."

"म्हणून तर रोज पुसून तेल लावायचं."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नाही. बाप म्हणतो क्रोम, लेक म्हणते साधं पोलाद. मी मधे आमटी वाढते. कुणी म्हणत नाही की आमटीत मीठ कमी आहे.

गेल्या वर्षी मात्र या वादात गंमत उरली नव्हती. शिवकन्येची राष्ट्रीय स्पर्धेची निवड आधी दोनदा थोडक्यात हुकली होती. दसऱ्यानंतर लगेच पुण्याला राज्याची स्पर्धा होती. या वेळी निवड झाली तर पुढं खेळायचं, नाहीतर उमरग्याच्या दवाखान्यात नोकरी मिळत होती ती धरायची, असं तिचं तिनंच ठरवलं होतं. आम्ही कुणी तिला भरीला घातलं नव्हतं. पण ठरवल्यापासून पोरगी नीट जेवत नव्हती.

खंडेनवमीच्या पहाटे ती मैत्रिणींबरोबर चालत तुळजापूरला निघाली. देवीला साकडं घालायचं होतं. दसऱ्याला संध्याकाळी परत येणार होती. दारातून मागं वळून बापाला म्हणाली, "पप्पा, रायफलीची पूजा जपून करा. हळदकुंकू फकस्त लाकडी दस्त्याला. नळीला पाणी लागू देऊ नका."

"मला शिकवतीस व्हय?" हे म्हणाले. "जिंदगी गेली माझी ह्यात."

खंडेनवमीला आमच्याकडं घरातलं सगळं लोखंड पाटावर येतं. विळा, कुऱ्हाड, खुरपी, यांच्या पान्यांचा डबा, माझं शिलाई मशीन आणि भिंतीला टेकवून रायफल. मी आत पुरणाला बसले होते. बाहेर हे पूजा करत होते आणि गोरोबा समोर बसले होते. मला फक्त बोलणं ऐकू येत होतं.

"ही फौजेतली न्हवं, गोरोबा. हिच्या नळीत क्रोम न्हाय. पाण्याचा टिपूस बी चालत न्हाय हिला. एक रात वली राहिली तरी तांबारा धरंल."

मी मनात म्हटलं, चला, निदान यांना कळतं तरी. पुरणात वेलदोडा घातला.

आणि हे सांगता सांगता यांच्या हातानं काय केलं, ते गोरोबांनी मला नंतर सांगितलं. ताम्हणातलं ओलं झेंडूचं फूल उचललं, देठ नळीच्या तोंडात खोचला आणि वरून हार घातला. फौजेत दर दसऱ्याला रांगेनं उभ्या केलेल्या रायफलींना हे असंच फूल खोचत आले होते. तिथं क्रोम होतं, काही झालं नाही. तोंडाला ठाऊक होतं की ही रायफल वेगळी आहे. हाताला कुणी सांगितलं नव्हतं. गोरोबांनाही वावगं वाटलं नाही, कारण फूल शोभून दिसत होतं.

आमच्याकडं पूजेला मांडलेलं हत्यार दसरा सरेपर्यंत हलवत नाहीत. हाराखाली ते फूल तसंच राहिलं.

दसऱ्याला संध्याकाळी शिवकन्या आली. पायाला फोड आले होते. मला आपट्याची पानं दिली, पाया पडली आणि सरळ रायफलीकडं गेली. हार काढला आणि तिथंच थांबली. फूल ओढलं तर देठ काळा पडून आत चिकटला होता. टॉर्च धरून तिनं नळीत पाहिलं. तोंडाशी आतून तांबूस कडं धरलं होतं.

रायफलीच्या नळीत सगळ्यात नाजूक जागा तीच, गोळी बाहेर पडते ती कड. तिथं जरा खरवडलं गेलं तरी गोळी भरकटते. हेही मला ऐकून ऐकून पाठ होतं.

यांनी धावत तेल आणलं, फडका आणला, पुसलं. गंज निघाला, पण कडेवर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले होते. हे नळीकडं बघत म्हणाले, "क्रोम असतं तर कायबी झालं नसतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतक्या वर्षांचं सगळं एकदम वर आलं.

"न्हाय ना क्रोम! तुमीच गावभर सांगत फिरता न्हाय म्हणून! पूजा करताना बी त्येच सांगत होता! मग फूल कुणी खोचलं, म्या? लेकरू उपाशीपोटी तुळजापूरला चालत गेलं, आन् तुमी हितं बसून तिच्या नळीत पाणी घातलं! तोंड जरा कमी चालवलं असतं तर हात काय करतोय ते तरी दिसलं असतं!"

हे हातातला फडका घडी घालत राहिले. शिवकन्या म्हणाली, "मम्मी, बास." आणि रडली. मला तेव्हा दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव आली.

दुसऱ्या दिवशी बापलेक रायफल घेऊन सोलापूरला गेले. तिथं लायसनवाले एक म्हातारे चाचा बंदुका दुरुस्त करतात. त्यांनी नळीचं तोंड नखभर कापून कड पुन्हा घासून दिली. म्हणाले, "साब, क्रोम नै है सो अच्छा हुआ. क्रोम रहता तो मैं हातच नै लगाता. काटने गये तो पपडी निकलती." हे मला शिवकन्येनं सांगितलं. यांनी सांगितलं नाही. परत येताना बसमध्ये शेजारच्या प्रवाशाशीसुद्धा बोलले नाहीत म्हणे.

रेंजवर गोळ्या पुन्हा जवळजवळ पडू लागल्या. पण पुण्याला तिची निवड हुकली. याही वेळी थोडक्यात. घरी आल्यावर म्हणाली, "नळी चांगली हुती, पप्पा. शेवटाला माझाच श्वास चुकला." खरं काय ते तिलाच ठाऊक. यांनी मान हलवली आणि म्हशींना पाणी दाखवायला गेले.

शिवकन्या उमरग्याला नोकरीला लागली. आणि हे गप्प झाले. ढाब्यावर जाणं बंद. गोरोबा आले तर पाना देऊन मोकळे. जेवताना ताटाकडं बघून जेवायचे. ड्रायव्हर लोक विचारायचे, हवालदार आजारी आहेत का? इतकी वर्षं मी देवाकडं एकच मागत होते, की या माणसाचं तोंड जरा बंद कर. आता बंद झालं होतं, आणि मला घरात बसवत नव्हतं.

एका रविवारी शिवकन्या सुट्टीला आली. तिनं कपाटातून रायफल काढली आणि यांच्या मांडीवर ठेवली.

"तेल लावून द्या, पप्पा. म्या रेंजला जाणार हाय. नोकरी करून बी जाता येतंय."

यांनी हात मागं घेतला. "तूच लाव."

"तुमच्यासारखं मला जमत न्हाय."

यांनी रायफल उजेडाकडं वळवली. मग फडका घेतला. नळीत तेलाची चिंधी घातली, ओढली, परत घातली. कडेवर बोट फिरवलं. तोंडातून शब्द नाही. मी गॅसवर दूध ठेवून दारात उभी होते. मला ते बघवेना. रागानं की कशानं, कुणास ठाऊक, पण मीच बोलले.

"अवो, क्रोम असतं तर काय झालं असतं?"

हे वर बघेनात. मला वाटलं, चुकलं माझं.

"क्रोम असतं तर गंजलीच नसती," हे हळूच म्हणाले. मग चिंधी परत नळीत घालत, "पर क्रोमवाली एकदा बिघडली की बिघडली. घासता येत न्हाय, कापता येत न्हाय. फेकावी लागती. हिला कापली, घासली, ही परत उभी राहिली. आता आग कशी असती बघ, अयोध्या..."

"झालं सुरू," शिवकन्या म्हणाली आणि हसली.

आत दूध उतू चाललं होतं. मी पळत जाऊन गॅस बंद केला, ओटा तसाच ठेवला आणि बाहेर येऊन यांच्यासमोर बसले.