युरियावर पळणारं यंत्र

लेकीला बंगळुरूच्या प्रयोगशाळेत पाच वर्षांच्या संशोधनाची जागा मिळाली, तोवर माझ्या थोरल्या दिरांनी तिच्यासाठी पाटोद्याचं स्थळ जवळपास नक्की केलं होतं. आमच्यात थोरल्यांचा शब्द मोडत नाहीत. तिचं जाणं त्यांना ते काम पटण्यावरच होतं. संकष्टीच्या दुपारी ते तलवाड्याहून आले.

लेक म्हणाली, "मोठे काका, केसाच्या जाडीत अशी चाळीस यंत्रं ओळीनं बसतात. बॅटरी नाही. भोवतीच्या द्रवातलं इंधन फोडून त्याच्या जोरावर पळतात. माझं यंत्र लघवीतल्या युरियावर चालेल, मूत्राशयातल्या गाठीपर्यंत औषध नेईल."

"युरिया? मंग दुकानदार सोबत दुसऱ्या खताची गोणी गळ्यात मारंलच. अन् पळतं म्हंजी किती पळतं?"

तो हिशेब मी आधीच केला होता. म्हटलं, "भाऊजी, यातले वेगवान कण सेकंदाला आपल्या लांबीच्या दहापट जातात. आठ फुटी बैल त्या मापानं पळाला तर तासाला अठ्ठ्याऐंशी किलोमीटर."

इंधन फुटतं कसं, ते दाखवायला लेकीनं जखम धुवायचं पेरॉक्साइड ग्लासात ओतलं आणि बटाट्याची फोड मागितली. मी दिली. तिनं ती आत टाकली. फेस यायला हवा होता. बुडबुडाही आला नाही.

"तुझं यंत्र बी चतुर्थी धरतंय का?" भाऊजी हसले.

लेकीनं फोड बोटानं दाबली. "आई, हा बटाटा उकडलेला आहे."

उपवासाच्या दिवशी माझा हात पातेल्याकडेच जाणार. तिनं समजावलं: इंधन फोडणारं द्रव्य कच्च्या बटाट्यात असतं, उकळल्यावर मरतं. तिच्या यंत्रावरही तसलंच एक द्रव्य बसवायचंय. मग तिनं कच्ची फोड टाकली. फेस ग्लासाबाहेर आला.

भाऊजींचं हसू थांबलं. "मंग माणसाला ताप आला की तुझं यंत्र मरंल."

"तापानं नाही मरत. ताप म्हणजे काही उकळी नव्हे. पण माणसाला हे अजून दिलेलं नाही, प्रयोग उंदरांपर्यंतच झालेत. पुढचं करायलाच जायचंय."

भाऊजींनी ग्लासातली फोड बघितली आणि पाटोद्याला फोन लावला.

"पाव्हणं, पोरगी शिकायला चाललीय. वरीसभर थांबावं लागंल."

"पाच," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाच वर्सं," ते फोनमध्ये म्हणाले. "थांबायचं का न्हाई, तुमी बघा. ती जाणार हाय."