समोरच्यालाही लाइनवर घे

आत्या गेल्याचं मला ऑफिसात कळलं. इंदुरातल्या पलासिया भागातल्या आमच्या ऑफिसात मीटिंग चालू होती. बाबांचा फोन वाजून बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजला. बाबा लागोपाठ फोन करत नाहीत, म्हणून जिन्यात जाऊन उचलला. "शैलाताई गेली गं," ते म्हणाले, "दुपारी झोपली ती उठलीच नाही." मी "बरं" म्हणाले. अशा वेळी काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, अजूनही नाही. पुन्हा मीटिंगला जाऊन बसले आणि थोड्या वेळाने लक्षात आलं, की आपण आता घरी जायला हवं...

शैलाआत्या, बाबांची मोठी बहीण, मध्य प्रदेशात ठिकठिकाणी जज होती. लग्न केलं नव्हतं. निवृत्त होऊन इंदूरला आली तेव्हा मी शाळेत होते. माझी शाळा इंग्रजी, मराठी फक्त घरची, तीही अर्धी हिंदी. मोठ्यांसमोर मी गप्पच बसायचे. आत्याला गप्प माणसं चालायची. नोकरीत असताना ती लग्नाकार्याला जात नसे, कारण तिथे वकील भेटतात. कुणाकडे जेवत नसे, आणि दिवाळीत मिठाईचा डबा आला तर दारातूनच परत. निवृत्तीनंतर तिने सगळी कसर भरून काढली. सकाळी पोह्यांच्या गाडीवर उभी राहून अनोळखी माणसांशी बोलत राहायची. "भिया, रोज महू से आते हो? फिर खाना कहाँ खाते हो?" तिला ते खरंच जाणून घ्यायचं असायचं. मला नवल वाटायचं, की इतकी वर्षं हे सगळे प्रश्न तिने ठेवले कुठे होते?

एक सवय मात्र तिने सोडली नाही. कुणाचीही तक्रार ती एकटीने ऐकत नसे. काकू फोनवर आईबद्दल बोलायला लागली, की आत्या म्हणायची, "थांब हं, तिलाही लाइनवर घेते," आणि खरंच घ्यायची. काकूला ती गंमत वाटत असतानाच पलीकडून आईचं "हॅलो?" यायचं. घरात तिला 'कॉन्फरन्स' म्हणत. हळूहळू तक्रारी घेऊन कुणी तिच्याकडे जाईना, आणि मग नुसत्या गप्पांचे फोनही कमी झाले. तिला ते जाणवत असावं. पण सवय काही बदलली नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना परीक्षेच्या हॉलमध्ये एका कॅल्क्युलेटरचं कव्हर सापडलं. त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने सूत्रं लिहिलेली. माझ्या आणि पुढे बसलेल्या पूजाच्या बाकांच्या मधोमध. कव्हर माझं नव्हतं. पूजाही म्हणाली, तिचं नव्हतं. दोघींना कॉलेजच्या चौकशी समितीपुढे बोलावलं, आणि दोष सिद्ध झाला तर पूर्ण वर्षाची परीक्षा रद्द होणार होती. पूजा देपालपूरहून आलेली, होस्टेलवर राहायची. वर्ष गेलं तर तिचे घरचे तिला परत बोलावणार होते, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. आमची तेव्हा मैत्री नव्हती, ओळख होती.

समितीचे अध्यक्ष आत्याचे वर्गमित्र निघाले. बाबा मला घेऊन त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेले.

"ताई, एक फोन करून दे ना."

"करते की," आत्या म्हणाली. "पण स्पीकरवर. आणि त्या दुसऱ्या पोरीच्या वडिलांना लाइनवर घेऊन."

"अगं, ही तुझी भाची आहे."

"म्हणूनच. त्या पोरीची आत्या कोण आहे?"

बाबा चहा तसाच ठेवून गॅलरीत गेले. मी सगळं पहिल्यापासून सांगायला लागले, तर तिने हात वर केला. "मला नको सांगूस बेटा. ज्यांना ठरवायचं आहे त्यांना सांग." मग तिने नीट समजावलं. आरोप काय आहे ते लेखी माग. कव्हर ज्यांना सापडलं त्यांना बोलवा म्हण. आणि ती मुलगी काय म्हणते ते तुझ्यासमोर म्हणू दे, तू काय म्हणतेस ते तिच्यासमोर म्हण. एवढं झालं आणि तिने माझ्याकडे पूजाचा नंबर मागितला. माझ्यासमोरच फोन लावून, स्वतःची ओळख सांगून, हेच सगळं तिला हिंदीत सांगितलं. एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मला इतका राग आला की घरी परतताना मी बाबांशीही बोलले नाही. माझी आत्या होती ती.

समितीने आधी मला एकटीला आत घेतलं. मी म्हणाले, "सर, पूजा को भी बुला लीजिए." आवाज आपलाच आहे की नाही, कळत नव्हतं.

"क्यों, अकेले डर लगता है?"

"नहीं सर. मैं जो बोलूँ, वो सुन ले."

पूजा आत आली आणि तिने पर्यवेक्षकांना बोलवा म्हटलं. कव्हर 'विद्यार्थिनींजवळ' सापडलं असं अहवालात होतं. ते सर आले, चष्मा पुसत म्हणाले, "पास मतलब... नीचे पड़ा था, बीच में." शेवटी दोघींना तेवढा एक पेपर पुन्हा द्यायला लावला. वर्ष वाचलं.

बऱ्याच महिन्यांनी मी आत्याला विचारलं, की ते कव्हर माझं होतं का, हे तुला कधी विचारावंसं नाही वाटलं?

"वाटलं ना. तू 'नाही' म्हटलं असतंस आणि मी मानलं असतं. मग त्या पोरीचं काय?" आणि पुढे म्हणाली, "कोर्टात असताना तुझ्या बाबाने मागितला तसले फोन मलाही यायचे. दुसऱ्या दिवशी भर कोर्टात, दोन्हीकडच्या वकिलांसमोर सांगायचे, की या केससाठी अमुक साहेबांचा फोन आला होता. लिहूनही ठेवायचे."

"मग?"

"मग बदली," ती हसली. "पण नव्या गावात फोन जरा उशिरा सुरू व्हायचे."

किती बदल्या झाल्या, त्यातली कुठली मनाला लागली, एकटीने नवं घर लावताना तिला काय वाटायचं, हे मी विचारलं नाही. लोकांना इतकं विचारणाऱ्या बाईला उलट कुणी फारसं विचारलंच नाही. आता मला ते सगळं जाणून घ्यायचं आहे, आणि सांगायला ती नाही.

हा लेख लिहून झाला तेव्हा वाटलं, हीही एकाच बाजूची गोष्ट झाली. आत्या काही उत्तर देऊ शकत नाही, पण पूजा आहे. तिला फोन करून सगळं वाचून दाखवलं. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाली, "सब सही है. बस एक बात... मुझे तो आज तक लगता है कि कव्हर तेरा था."

मी म्हणाले, मला आजपर्यंत वाटतं की तुझं होतं.

दोघी खूप हसलो. मग ती म्हणाली, "तो ये भी लिख."

लिहिलं.