सत्ताविसाव्या पानावरचं टिंब

आमच्या डोंबिवलीत माणूस एक वेळ जेवल्याशिवाय राहील, पण "सध्या काय वाचताय?" या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहणार नाही. वाचलेलं असलंच पाहिजे असं नाही, उत्तर तयार हवं. मीही दर महिन्याला वाचनकट्ट्यावर जाते. तिथे जाडजूड पुस्तकांवर चर्चा होते, मी मान डोलावते, आणि शेवटी चहाबरोबर मिळणारी खोबऱ्याची वडी खरोखर चांगली असते.

हे वळण मला बाबांनी लावलं. बाबा मराठीचे शिक्षक. मी आठवीत असताना रद्दीच्या दुकानातून एक रहस्यकथा आणली होती. मुखपृष्ठ गळून पडलेलं, लग्नघरात खून झालेला, आणि सगळे पाहुणे जेवून मगच पोलिसांना बोलावणारे. निम्म्यावर आले होते, तेवढ्यात बाबांनी ती दप्तरातून काढली. "असल्या वाचनाने मेंदूला बुरशी येते," म्हणाले. पुस्तक रद्दीत गेलं असं मला सांगण्यात आलं. खुनी कोण ते कळलंच नाही. पुढे मी इतकं उत्तमोत्तम वाचलं की विचारू नका. त्यातलं आता काहीही आठवत नाही, ती अर्धी रहस्यकथा मात्र आठवते.

गेल्या वर्षी ठाण्यात बाळकुमला असलेली बाबांची इमारत पाडून नवी बांधायला घेतली आणि बाबा आमच्याकडे डोंबिवलीत मानपाड्याला राहायला आले. सोबत पुस्तकांचं कपाट. प्रत्येक पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं उलटं घातलेलं कव्हर, त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात 'निबंध', 'भाषाविचार', 'चिंतन, भाग दुसरा'. मी एकही उघडून पाहिलं नाही. उघडलं तर वाचावं लागेल ही भीती.

तेवढ्यात गावात पुस्तक अदलाबदलीचा मेळावा भरला. जितकी पुस्तकं द्याल तितकी दुसरी घेऊन जा.

"बाबा, ती निबंधांची पुस्तकं देऊन टाकू? कपाटामुळे तुम्हाला खोलीत वळता येत नाही."

"सगळी?"

"आता भिंग लावून निबंध कशाला वाचायचे? डोळ्यांना ताण."

ते काहीतरी बोलणार होते. मग "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाले आणि दुपारी अर्धीच पोळी खाल्ली. मला वाटलं, वांगं तिखट झालं असेल.

मेळावा शाळेच्या सभागृहात होता. पुस्तकं घेणारे एक निवृत्त गृहस्थ प्रत्येकाचं कव्हर काढून टोपलीत टाकत होते. "कव्हर काढल्याशिवाय विषय कळत नाही, मॅडम," म्हणाले. मी गठ्ठे ठेवले, कूपन घेतलं आणि थेट वैचारिक पुस्तकांच्या टेबलाशी गेले, कारण तिथे आमच्या कट्ट्याच्या अध्यक्षबाई उभ्या होत्या. त्या बघत होत्या तोवर मी एक तत्त्वज्ञान हातात धरलं. त्या पुढे सरकल्या तसं खाली ठेवलं आणि उपवासाच्या दिवशी माणूस फरसाणाच्या दुकानावरून जातो तशी, सहज म्हणून, रहस्यकथांच्या टेबलावरून गेले.

पहिलंच पुस्तक हाताला लागलं ते मुखपृष्ठावर सुरा आणि लाल नखं असलेलं. लेखकाचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. पहिल्या पानावर एका सोसायटीची वार्षिक सभा. सेक्रेटरी खुर्चीतच मरून पडलाय, पण कोणाच्या लक्षात न आल्याने दोन ठराव एकमताने मंजूर झालेत. तपास करणारा कोणी रुबाबदार हेर नाही, दुकानांतली वजनमापं तपासणारा सरकारी निरीक्षक. त्याचा माणसांवर राग नाही, फक्त कोणाच्याच काट्यावर विश्वास नाही. मी मोठ्याने हसले. उभ्या उभ्या वाचत राहिले. असा लेखक जगात असताना मी इतकी वर्षं माना डोलावल्या, याचा मला मनापासून राग आला.

सत्ताविसाव्या पानावर आकड्याच्या खाली पेन्सिलीचं बारीक टिंब होतं.

वाचनालयातले जुने वाचक अशी खूण करतात, वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा आणू नये म्हणून. कोणी रेघ मारतं, कोणी फुली. पुस्तकात लिहिणं हे पाप मानणारे बाबा सत्ताविसाव्या पानावर टिंब देत. मी शेजारचं पुस्तक उघडलं. तोच लेखक, तेच टिंब. त्याच्या शेजारचंही. मग टोपलीकडे पाहिलं. वरच 'निबंध' पडला होता.

"सगळी?" हा एक शब्द म्हणजे त्या माणसाची केवढी आरडाओरड होती, ते आत्ता कळलं. स्वतःचं बिंग न फोडता त्यांना एवढंच बोलता येत होतं, आणि मी त्यांना डोळ्यांच्या ताणाबद्दल सांगत होते.

मी कूपन पुढे केलं आणि सुरे, पिस्तुलं, लाल नखं भराभर उचलली. कट्ट्यावरच्या तिघी बघत होत्या, बघू देत. एकच कमी पडत होतं. ते अध्यक्षबाईंच्या हातात होतं, दोन तत्त्वज्ञानांच्या मध्ये दाबलेलं.

"हे माझ्या वडिलांचं आहे हो."

"पण तुम्ही तर निबंध आणले होतेत ना?" बाई म्हणाल्या. "हे मी घेतेय. संदर्भासाठी."

घरी येऊन मी सगळ्यांना टोपलीतून परत आणलेली आपापली कव्हरं घातली आणि माझी स्वतःची वैचारिक पुस्तकं पुढच्या मेळाव्यासाठी पिशवीत भरली. बाबा कपाटाशी आले. भिंग न लावता, बोट फिरवत गेले.

"'चिंतन, भाग दुसरा' नाही."

"अध्यक्षबाईंनी नेलं. संदर्भासाठी."

"हं. वाचलंस?"

"सोसायटीचं. सत्ताविसाव्या पानापर्यंत." आणि मग मला राहवेना. "मला का नाही वाचू दिलंत, बाबा?"

ते खोलीत गेले आणि उशीखालून एक पुस्तक घेऊन आले. हे त्यांनी माझ्या तावडीत येऊच दिलं नव्हतं. कव्हरवर 'व्याकरण, इयत्ता आठवी'. आत मुखपृष्ठ नसलेलं माझं लग्नघर. पहिल्या पानावर लेखकाचं नाव होतं, तेच. आठवीत लेखकाचं नाव कोण बघतं? मधोमध माझ्या वेणीच्या निळ्या रिबिनीचा तुकडा होता, मी ठेवला होता तिथेच.

"जप्त केल्यावर एकदा चाळलं," बाबा म्हणाले. "मग बाकीची जमवावी लागली. तुला परत द्यायचं, तर मी वाचलंय हे सांगावं लागलं असतं. तुझी खूण मात्र हलवली नाही."

मला रडू आलं, आणि रागही तसाच होता.

"वाच मोठ्याने," ते खुर्चीत बसत म्हणाले. "भिंगाने आता ओळ सुटते."

मी रिबिनीपासून पुढे वाचायला लागले. दुसरीच ओळ संपली होती.

"त्या मामावर लक्ष ठेव," बाबा म्हणाले.