चार लाद्यांवरचा डान्स

काल लेकीने मोबाइलवर गाणं लावलं आणि मी थेट आमच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत पोचले. असल्या गाण्यांना हिप हाऊस म्हणायचे. खाली हाऊसचा धडधडता ठोका, वर रॅप.

जयंतीच्या कार्यक्रमासाठी दादाचा ग्रुप गॅलरीत प्रॅक्टिस करायचा. प्लग आमच्या खोलीत, म्हणून टेप खिडकीत आणि कॅसेट सारखी मागे घ्यायला मी आत, दार लोटून. पलंग आणि मोरीच्या मध्ये चार लाद्या मोकळ्या होत्या. रॉकेलच्या वासात, घामाघूम होत, तेवढ्यातच मी खिडकीतून बघत त्यांचा अख्खा डान्स बसवला.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्यातल्या एकाचा पाय मुरगळला. मी म्हटलं, "दादा, मला सगळं येतं."

"वेडी आहेस का? पप्पा काय म्हणतील? आणि टेप कोण लावणार?"

तेव्हा त्याचा भयंकर राग आला होता. आता वाटतं, घाबरला होता बिचारा.

काल टॉवरमधल्या या ऐसपैस हॉलमध्ये मी नाचले. एकही स्टेप चुकली नाही.

"मम्मी, भारी! पण पुढे ये ना, एवढी जागा आहे."

आले नाही. पलंगाला पाय लागेल म्हणून मी अजून जपूनच वळत होते.