दुसऱ्या इकोतलं माप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हाला सांगतोय.

नगरमध्ये मी हृदयाचा डॉक्टर आहे. ताराबाई आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या, भातशेती करणाऱ्या. नगरलगतच्या नागापूरला कारखान्यात असलेला त्यांचा मुलगा किसन त्यांना माझ्याकडे घेऊन आला. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, त्यांच्या झडपेवर काहीतरी डुलताना दिसलं. रक्ताची गुठळी, की गाठ? पडद्यावर दोन्ही सारखी दिसू शकतात. मी मात्र छातीठोकपणे सांगून टाकलं — गुठळी आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी विरघळेल. एवढी खात्री होती का मला? नव्हती.

अशा वेळी गोळ्या देऊन काही आठवड्यांनी पुन्हा इको करतात. गुठळी असली तर लहान होते. गाठ तशीच राहते, आणि मग ती ऑपरेशन करून काढावी लागते. नाहीतर तिचा तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो.

दुसऱ्या इकोत ती तशीच होती. बारीक देठावर डुलणारी, तेवढीच. पुण्याला पाठवायचं म्हणजे किसनसमोर म्हणावं लागणार — मी चुकलो. काय गेलं असतं माझं? पण भ्यालो. माप घ्यायच्या दोन खुणा पडद्यावर आपणच ठेवायच्या असतात. मी त्या कडांवर ठेवल्या नाहीत — जराशा आत ठेवल्या. माप लहान आलं. ताराबाई मान वळवून पडद्याकडेच बघत होत्या.

"मंग आता भ्यायचं काम न्हाई ना, डॉक्टर? आवनीला जाऊ?" ताराबाईंनी विचारलं.

"जा," मी म्हणालो. "विरघळतेय."

भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करतानाच त्या चिखलात कोसळल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पुण्यात ऑपरेशन झालं, निघाली ती गाठच. किसन मला म्हणाला, "तुमच्या गोळ्यांनी कमी झाल्ती ना, पुन्ना वाढली असंल." मी मान डोलावली. हो — डोलावली.

तो अजूनही आईला माझ्याकडेच तपासायला आणतो. मी छातीवर यंत्र टेकवतो आणि त्या माझ्याकडे बघत राहतात.

परवा किसन आनंदाने सांगत होता, आई आता एकेक शब्द बोलायला लागलीय. ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला भीती वाटली.