ताईचा पॅसेज

सगळ्यात आधी खटकलं ते हे, की ताईच्या मेसेजात नेहमीचं 'शोनू' नव्हतं.

आता काय सांगू तुम्हाला, तिथेच थांबून नीट वाचलं असतं तर पुढची शोभा झाली नसती! पण थांबेल ती मी कसली? शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. दाराची बेल वाजली की आधी देवाचं नाव घेते, मग दार उघडते. आमच्याकडे पार्सल आणणारा भिया, म्हणजे भैया हो, तो तर जिन्यातूनच ओरडत येतो, "दीदी, डरना मत, मैं हूँ!"

तर ताई. माझी मोठी बहीण, इंदूरजवळ सिमरोलला असते. जिजाजी तिथल्या कॉलेजच्या कॅम्पसमध्ये पाण्याच्या पंपांवर कामाला आहेत. आई आजारी पडली तेव्हा ताईने बी.ए. अर्ध्यात सोडलं, घर हातात घेतलं, मला शिकवलं, आणि आई गेल्यावर हळूहळू माझी आईच झाली. माझं लग्न अजून व्हायचंय, पण माहेर मला आत्ताच लागतं, आणि ते सिमरोलला आहे.

मी इंदूरात, विजय नगरला, चौथ्या मजल्यावर, एकटी. फ्लॅट घेऊन दोन वर्षं झाली, ताई एकदाही आली नाही. मी जाते तिकडे, नाही असं नाही. पण तिथे ती ओट्याशीच उभी असते, माझ्याशी बोलते ती पाठीने. मला ती माझ्या घरी हवी होती, पाय वर घेऊन बसलेली, आयता चहा पिणारी. कपातला चहा तिला चहा वाटत नाही, म्हणून मोठा स्टीलचा पेलासुद्धा आणून ठेवलाय. तो फळीवर पालथा पडून आहे. दर फोनला माझं एकच, "ताई, ये ना गं." आणि तिचंही एकच, "येते ना. नंतर."

मग तिने मुक्त विद्यापीठातून बी.ए. पुन्हा धरलं. सगळे पेपर निघाले, इंग्लिश अडकलं. अडकलं म्हणजे पॅसेज अडकला. उतारा वाचा आणि खालील प्रश्नांची उत्तरं लिहा. त्यात ती एकदा नापास झाली आणि मला गुरुपद मिळालं!

काय सांगू माझा थाट! रोज मी पॅसेज पाठवायचा, तिने उत्तरं पाठवायची. मी नियम ठरवून दिले. पॅसेज पूर्ण वाचल्याशिवाय मनाने काही ठरवायचं नाही. खालचे प्रश्न आधी वाचायचे. आणि फोन कायम सायलेंटवर, लक्ष उडता कामा नये. ताई म्हणायची, "हो मॅडम."

एकदा मात्र वैतागली. "काय गं हे गाइडमधले पॅसेज? मधमाशी, पर्यावरण, वेळेचं महत्त्व! यांच्यात कोणी कधी कोणाकडे जात-येत नाही का?"

"मग तूच बनव ना एखादा," मी म्हटलं. आणि विसरून गेले. तुम्ही विसरू नका.

तर तो शनिवार. शनिवारी मी घरूनच काम करते. लॅपटॉप उघडून बसले होते, तेवढ्यात ताईचा मेसेज आला. सरळ इंग्लिश. 'शोनू' नाही, गुलाबाचं फूल नाही, सुप्रभात नाही. तुम्हाला मराठीतच सांगते:

'एक बाई होती. ती स्वयंपाकघरात राहत होती. खूप वर्षं तिने सगळ्यांना वाढलं. तिला एका ठिकाणी जायचं होतं, पण दर वेळी ती म्हणायची, नंतर. आज तिने घराला कुलूप लावलं. किल्ली शेजारणीला दिली. एकच पिशवी घेतली. ती रडत नाही. ती आता कधीच नंतर म्हणणार नाही.'

बस. एवढंच.

मी लॅपटॉप धाडकन मिटला! एका ठिकाणी म्हणजे कुठल्या ठिकाणी? आणि रडत नाही म्हणजे काय? माझी ताई मालिकेतल्या बाईचा दागिना हरवला तरी रडते!

फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कोणी उचलत नाही. पुन्हा लावला. तेच. मग जिजाजींना लावला. मागे पंपांची घरघर.

"जिजाजी, ताई कुठे आहे?"

"घरी असेल. का गं?"

"काल भांडण झालं का?"

"भांडण कसलं? भेंडी होती. मी फक्त म्हटलं, परत भेंडी? बस इतकंच!"

"मग आज डबा दिला तिने?"

"दिला ना, दोन दिले. म्हणाली, रात्रीचाही बांधलाय." मागे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. "अगं, रात्रीचा का बांधला असेल?"

"निघताना काही बोलली?"

"बोलली ना काहीतरी."

"काय बोलली?"

"तेच तर आठवत नाही! मी हो म्हटलं, एवढं पक्कं आठवतंय."

आता बोला! मी ताईच्या शेजारणीला, भाभीजींना फोन लावला. मनात म्हणत होते, देवा, किल्ली त्यांच्याकडे नसू दे.

"हाँ दीदी, चाबी तो मेको दे गई सुबे. थैला था हाथ में. अच्छी साड़ी पेन के गई है, वो नीली वाली."

निळी साडी! आईची! ती ताई लग्नकार्यालाही काढत नाही. म्हणते, जपून ठेवलीये.

"भाभीजी, रो तो नहीं रही थी?"

"अरे नहीं, हँस री थी!"

झालं. उरलासुरला धीरही सुटला. हसत हसत घर सोडणारी बाई परत येत नसते, असं मला त्या क्षणी अगदी शास्त्रात लिहिल्यासारखं वाटलं.

ऑफिसात कळवलं, घरात इमर्जन्सी आहे. फ्लॅटला कुलूप घातलं, तोंडाला स्टोल बांधला, वर हेल्मेट चढवलं, आणि स्कूटर काढली ती थेट सिमरोलकडे, खंडवा रोडला.

रस्ताभर काय काय आठवत होतं! लहानपणी माझी वेणी घालता घालता ताई स्पेलिंग विचारायची. चुकलं की केस ओढायची. मी मुद्दाम चुकायचे, म्हणजे वेणी लवकर संपत नसे. आता मी तिला पॅसेज शिकवते, तिची उत्तरं तपासते, लाल खुणा करते. पण ताई, तुला काय हवंय, हे मी कधी विचारलं का गं? नुसतं ये, ये, ये! माझ्यासाठी ये!

हे सगळं मनात नाही बरं का, मोठ्याने चाललं होतं. हेल्मेटमध्ये. हुंदक्यांसकट. तेजाजी नगरच्या चौकात सिमरोलकडून येणारी बस माझ्या अंगावरूनच गेली म्हणा ना! मी ड्रायव्हरला इंदुरी भाषेत जे जे येतं ते सगळं ऐकवलं. खिडकीतल्या बायका वाकून वाकून बघत होत्या. ती बसही लक्षात ठेवा.

सिमरोल. ताईचं घर. दाराला कुलूप. ते बघून मी पायरीवर बसकण मारली आणि जो भोंगा पसरला! भाभीजी पाणी घेऊन धावल्या. मागून जिजाजी आले, दोन्ही डबे छातीशी धरून.

"तिला सांग, मी भेंडी खाईन," ते म्हणाले. चेहरा असा, की मला आणखी रडू आलं. "रोज खाईन. दोन्ही वेळा!"

"पर दीदी, लिखा क्या है उसने? दिखाओ तो," भाभीजी म्हणाल्या.

मी फोन त्यांच्यापुढे धरला. वाचून दाखवायला बोट मेसेजवर ठेवलं. मेसेजच्या शेवटी बारीक निळ्या अक्षरांत काहीतरी होतं, त्यावर ते लागलं. 'रीड मोअर'.

आणि मेसेज लांबला.

'ती धाकट्या बहिणीकडे विजय नगरला निघाली आहे. तिच्या नवऱ्याच्या पोटात गोष्ट राहत नाही, म्हणून तो कामावर निघायच्या घाईत असताना तिने त्याला हळूच सांगितलं. तिच्या पिशवीत बेसनाचे लाडू आहेत. आज ती बहिणीच्या हातचा चहा पिणार आहे.

प्रश्न पहिला: बाई कुठे निघाली आहे?
प्रश्न दुसरा: धाकटी बहीण आज कुठे सापडेल?
प्रश्न तिसरा: या उताऱ्याला योग्य शीर्षक द्या.'

जिजाजींनी कपाळावर हात मारला. "हां! हेच म्हणाली होती ती! विजय नगर!"

भाभीजींनी तोंडाला पदर लावला. हसू लपवायला, दुसरं काय?

आणि मी? दोन वर्षं जिची वाट पाहिली, ती अखेर माझ्या दारी निघाली, त्याच दिवशी मी दाराला कुलूप घालून तिच्या दारी येऊन बसले होते! मधली ती बस आठवली. खिडकीतल्या बायका आठवल्या. निळं काही दिसलं होतं का?

पुन्हा फोन लावला. वाजला, वाजला, वाजत राहिला. सायलेंटवर, दुसरं काय! नियम माझाच. बंदच करणार होते, तेवढ्यात खट झालं.

"हॅलो, शोनू?" ताई! मागे आमच्या लिफ्टचा खडखडाट. "अगं, केव्हाची तुझ्या पायरीवर बसलेय! लाडवांचा डबा उघडून वॉचमनला पण दिला एक. आत्ता तुलाच लावायला फोन काढला, तू आहेस कुठे?"

"ताई... मी... तुझ्या पायरीवर."

पलीकडे ताई हळूच हसली.

"म्हणजे चौकात हेल्मेटमधून आमच्या बसच्या ड्रायव्हरवर ओरडणारी ती पोरगी तूच! दुसरा प्रश्न चुकवलास गं, शोनू. ये घरी लवकर. केस ओढायचेत तुझे."